‘भोगणे’: सोसलेलं, की मागून घेतलेलं?

पणजीहून विचारणा

आमच्या लहानशा मंडळासाठी कर्बी डिक यांच्या ‘सिक’ (१९९७) या माहितीपटाची मराठी सबटायटल्स करते आहे, आणि एका क्रियापदापाशी चार दिवस अडले आहे. बॉब फ्लॅनगन हा कवी-कलाकार. जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांत चिकट कफ साचत राहतो. लहानपणीच जाईल असं धरून चाललेला हा माणूस १९९६ साली, ४३व्या वर्षी गेला. शेरी रोज त्याची जोडीदार. आपखुशीने तिच्या हुकमात राहायचं, तिच्या हातून वेदना घ्यायची, असं त्यांचं प्रेम.

म्हणजे पडद्यावर वेदना दोन. आजाराची वेदना त्याने ‘सोसली’. दुसरीला काय म्हणू? ‘उपभोगली’ लिहिलं तर चावट वाटतं, ‘सहन केली’ लिहिलं तर खोटं. ‘भोगली’ चालेल?

डिचोलीहून

ताई, ‘भोगणे’ दोन्हीकडे चालतो खरा. राज्य भोगतात, शिक्षाही भोगतात. मूळ धातू ‘भुज्’. भोजन त्यातूनच आलं. पण आज दुखण्याशेजारी हा शब्द आला की वाचकाला प्रारब्धच ऐकू येतं. ‘आलिया भोगासी’ म्हणतो तो दारी आलेला भोग; तुमचा माणूस तर तो मागून घेतोय. आणि ‘तिला भोगलं’ म्हटलं की शब्द थेट अत्याचाराकडे जातो. जपून वापरा.

म्हापशाहून

मी व्हीलचेअर वापरते. माझं लग्न ठरताना घरच्यांनी हात जोडून म्हटलं होतं, “पोरीला पदरात घ्या.” तो मला आवडला होता, मी त्याला, आम्हाला एकमेकांचा देहही हवा होता. ते सांगायला त्या बैठकीत कुणाकडे वाक्यच नव्हतं. आपले बहुतेक माहितीपटही तिथेच थांबतात. ‘अपंगत्वावर मात केली’, ‘पत्नीने खंबीर साथ दिली’, मग गोळ्यांची डबी, व्यायाम, देवघर. खोलीचं दार लावलेलंच.

‘सिक’ मी पाहिला आहे. खिळे-सुयांच्या प्रसंगांना मीही डोळे मिटले. पण मनात राहिलं ते वेगळंच: त्याला श्वास पुरत नाही, आता तो तिचं ऐकू शकत नाही, आणि ती रागावते. तिला ते प्रेम आटल्यासारखं वाटतं. तिथे ती शुश्रूषा करणारी नाही, प्रेमात दुखावलेली बाई आहे. म्हणून एक विनंती: ‘तिने त्याला सांभाळलं’ असं कुठेही लिहू नका. सांभाळतात ती गुरं, दागिने आणि लहान मुलं.

फोंड्याहून

‘आजारग्रस्त’सुद्धा नको. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणातला सूर्य ग्रस्त असतो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, आणि त्याच रांगेत कर्करोगग्रस्त! पूर ओसरतो, हा आजार जन्मभर सोबत राहतो.

‘भोगणे’बद्दल मात्र घरातलीच कोंकणी ऐका. ‘म्हाका बरें भोगता’, ‘म्हाका वायट भोगलें’. इथे भोगणं म्हणजे नुसतं वाटणं, जाणवणं. सुखदुःखाचा निवाडा क्रियापद करत नाही, तो शेजारच्या शब्दावर सोपवतं. गोव्यातल्या मराठी वाचकाच्या कानात हा अर्थ असतोच. घाटावरच्याला तो कळेल की नाही, सांगवत नाही.

पणजीहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हापशाच्या ताईंचं वाचून हात थांबला. ‘सांभाळलं’ मी तीन ठिकाणी लिहिलं होतं. दोन जागी ‘सोबत राहिली’ केलं, तिसऱ्या जागी नुसतं ‘तिचं त्याच्यावर प्रेम होतं’. मूळ वाक्यात तेच होतं, मीच ते झाकलं होतं.

निवडलेल्या वेदनेला ‘मागून घेतली’. लांब आहे, पण ओळीत बसतं. शेवटच्या, इस्पितळातल्या प्रसंगाला फक्त ‘भोगलं’ ठेवते आहे. तिथे कुठली वेदना आजाराची आणि कुठली प्रेमाची, हे मला वेगळं करता येत नाही.