मदत हवी आहे: वेणीची डॅनिश पेस्ट्री, बटर सगळं ट्रेमध्ये उतरतं

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. मी वरूडकडच्या एका खेड्यात राहते. घरची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराची तोडणी सुरू आहे आणि व्यापारी जी फळं बाजूला काढतो (डागी, बारीक), ती टोपलीनं घरात येऊन पडतात. बर्फी झाली, मुरब्बा झाला, शेजारीपाजारी वाटून झालं. आता मनात आलंय की आत संत्र्याचा मार्मलेड भरून वरून वेणी घातलेली डॅनिश पेस्ट्री करायची. बचत गटाच्या नानकटाई-बिस्किटांच्या ऑर्डरी मी ओटीजीतच (विजेच्या छोट्या भट्टीत) काढते, पावही घरीच होतो, त्यामुळे बेकिंगची भीती नाही. पण ही पदरांची भानगड काही जमून नाही राहिली.

माझं प्रमाण असं: मैदा ३०० ग्रॅम, साखर ३०, मीठ ५, इन्स्टंट यीस्ट ५, एक अंडं, थंड दूध १२० मिली, उंड्यात बटर ३० ग्रॅम, थोडी वेलची. पदरांसाठी वेगळं १५० ग्रॅम बिनमिठाचं बटर. चौकोनी लादी करून उंड्यात गुंडाळते, लाटते, तीन घड्या, अर्धा तास फ्रीज, परत लाटते. असं तीन वेळा. मग पाऊण पेर जाडीची पोळी, मध्ये सारण, दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या कापून एक इकडची एक तिकडची अशी वेणी. रेसिपीत लिहिलंय तसं फुगायला उबदार जागी ठेवते आणि २०० अंशांवर भाजते.

होतं काय, तर ट्रेमध्ये बटरचं तळं साचतं आणि वेणी त्यात तळल्यासारखी होते. कापली तर आत पदर नाहीत, गोड पावच. चव वाईट नाही, पोट्टे खाऊन टाकतात. पण एवढं बटर घालून पावच खायचा तर पाव काय वाईट होता?

घर टिनाचं आहे. दुपारी स्वयंपाकघरात आत्ताच चौतीस-पस्तीस असतं, पुढं काय होईल ते विदर्भातल्यांना सांगायला नको. फ्रीज एका दाराचा, आणि लाइटचा काही नेम नाही. विचारायचं हे, की उन्हाळ्यात हा पदार्थ होऊच शकत नाही का? की काही युक्ती आहे? घरचं लोणी वापरलं तर चालेल का? म्हशीचं भरपूर असतं.

खारी_टोस्ट_बटर

ताई, माझ्या मामाची तालुक्याला बेकरी होती, तिथं लहानपणी खारीचे थर लाटलेत. बेकरीवाले उन्हाळ्यात बटरच्या नादी लागत नाहीत, पफसाठीचं मार्जरीन येतं ते वापरतात. ते चाळीस अंशांच्या वर वितळतं, म्हणून भर मे महिन्यातही थर सुटे राहतात. तुमचं काम एका फटक्यात होईल.

आता खरं सांगतो, मला स्वतःला ते आवडत नाही. आपल्या तोंडाचं तापमान सदतीस. जे चाळिसाला वितळतं ते तोंडात वितळत नाही, टाळूला चिकटून बसतं. खारी चहात बुडवून खातो म्हणून खपून जातं. संत्र्याच्या पेस्ट्रीत नाही खपणार.

भट्टीवरची_मावशी

उपाय सांगण्याआधी एक सांग. बटर ट्रेमध्ये कधी उतरतं? भट्टीत घालण्याआधी, फुगायला ठेवलेलं असतानाच कागद तेलकट होतो का? की आत गेल्यावरच? या दोन्हींचे आजार वेगळे आहेत. आणि शेवटचं लाटताना पोळीत बटरचे पिवळे ठिपके दिसतात की सगळी एकसारखी दिसते?

संत्राबर्फी

मावशी, कागद आधीच ओला दिसतो. गॅसच्या बाजूला, शेगडी बंद करून, झाकून ठेवते, तासाभरात फुगते छान. ठिपक्यांचं म्हणाल तर कधी दिसतात, कधी नाही. सकाळी लाटलं तर दिसतात, दुपारी लाटलं तर नाही.

भट्टीवरची_मावशी

मग अर्धं उत्तर तूच दिलंस. रेसिपी लिहिणारीच्या घरात अठरा-वीस अंश असतात, म्हणून ती "उबदार जागी ठेवा" लिहिते. तुझ्याकडे उबदार जागा शोधायची गरज नाही, गार जागा शोधायची आहे. बटर तीस-बत्तीसच्या आसपास मऊ पडून वितळायला लागतं. पदराची पेस्ट्री पंचवीस, फार तर सव्वीस अंशांना फुगवायची. त्यापुढे गेलीस की यीस्ट खूश आणि बटर मैद्यात जिरलेलं. पदर सुटतात ते कशानं? बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्याची भट्टीत वाफ होते आणि ती वरचा थर उचलते. बटर आधीच मैद्यात गेलं तर वाफ उचलणार काय? म्हणून तुला पाव मिळतो.

तुझ्या तीन घड्या तीन वेळा म्हणजे बटरचे सत्तावीस थर. हिशोब बरोबर आहे, प्रमाणही बरोबर आहे. त्याला हात लावू नकोस.

आता ठिपके. सकाळी बटर फ्रीजमधून थेट काढतेस, ते कडक असतं, लाटण्याखाली त्याचे तुकडे होतात, तेच ठिपके. दुपारी ते लोण्यासारखं होऊन मिसळतं. मधली अवस्था हवी. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून लाटण्यानं ठोकून साधारण पंधरा सेंटिमीटरचा चौकोन कर आणि तो पोळपाटाच्या काठावर वाकवून बघ. मोडला तर पाच मिनिटं थांब. बोटाला चकाकी लागली तर परत आत. न मोडता वाकला की लगेच कामाला लाग. उंडाही तेवढाच गार पाहिजे, म्हणून तो आदल्या रात्रीच मळून फ्रीजला ठेवायचा.

लाटायचं काम पहाटे. ओटा कडप्प्याचा असेल तर बर्फ घातलेली स्टीलची परात त्यावर दहा मिनिटं ठेव, मग पुसून कोरडा कर. लाटताना वेळ लागतोय असं वाटलं तर हट्ट नको, घडी घालून सरळ फ्रीजमध्ये. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाखालची जागा सगळ्यात गार असते, ती रिकामी ठेव. आणि पोळीचं लाटणं मध्ये फुगीर असतं, त्यानं मधला भाग दबून बटर फुटतं. सरळ, जाड लाटणं घे. सुताराकडून करून घेतलंस तरी चालेल.

घरच्या लोण्याचं: म्हशीचं लोणी गाईच्यापेक्षा जरा उशिरा वितळतं, तेवढा फायदा आहे. पण त्यात ताक राहतं. गार पाण्यात दोनतीनदा धुऊन, कपड्यात घट्ट दाबून, पाणी सुटायचं थांबेपर्यंत काढलंस तर वापर. तूप मात्र नको. त्यात पाणीच नाही, वाफ कुठून येणार.

वऱ्हाडी_ठेचा

एवढ्या खटाटोपात पुरणपोळीचा घाणा निघाला असता बाप्पा 😄

संत्राबर्फी

ठेचाभाऊ, पुरणपोळी होळीला झाली. मावशी, खूप आभार. पण पंचवीस अंश आणायचे कुठून? एसी नाही.

भट्टीवरची_मावशी

कूलर असेल ना? तोच काढ. आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथं चालतो. बाहेर अडतीस-चाळीस असलं आणि हवा कोरडी असली, तर नव्या ताट्यांचा कूलर खोली पंचवीस-सत्तावीसवर आणतो. शिवाय हवा ओली असते, त्यामुळे वेणीवर कोरडी पापडी धरत नाही. झोत थेट अंगावर नको, पातळ कापड टाकून कोपऱ्यात ठेव, खिडकी थोडी उघडी. गॅसजवळ तासाभरात फुगायची तिथं आता दीड-दोन तास लागतील. घड्याळ बघू नकोस, ट्रे हलकेच हलव. वेणी थुलथुलली आणि कापलेल्या कडेला थर वेगळे दिसायला लागले की झालं. घाई करून कमी फुगवलीस तरी भट्टीत बटर बाहेर येतंच, म्हणून हे दोन्हीकडचं सांगितलं.

फ्यूज_गेला

एक मुद्दा सुटतोय असं वाटतं. ताई, शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू असताना तुमच्याकडे व्होल्टेज किती मिळतं? आमच्याकडे २३० च्या जागी १८० पाहिलंय. ओटीजीची कॉइल व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबानं तापते. १८० ला ती तिच्या ताकदीच्या साधारण एकसष्ट टक्केच काम करते. म्हणजे दीड हजार वॉटची भट्टी नऊशेवर आली. बटनावर २०० लिहिलेलं असतं, आत कदाचित १६०. नानकटाईला ते चालून जातं, दहा मिनिटं जास्त ठेवली की झालं. पदराच्या पेस्ट्रीला पहिल्या पाच-सात मिनिटांत जोरात वाफ पाहिजे. ती नाही मिळाली तर बटर नुसतं वितळत बसतं.

भट्टीचा थर्मामीटर नसेल तर साखर घ्या. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घालून २०० वर तापवलेल्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पांढरी तशीच राहिली तर भट्टी खोटं बोलते. एकदा मोटारी चालू असताना आणि एकदा बंद असताना करून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल.

सध्या_ओडेन्स

मूळची यवतमाळची, आता डेन्मार्कात. इथल्या बेकऱ्यांत लांब भरलेली पट्टी करून तिचे तुकडे कापून विकतात. वेणी दिसायला छान असते आणि सारण झाकलं जातं, त्यामुळे घरच्यासाठी मला तीच सोयीची वाटते. हा पदार्थही मूळ इथला नाहीच. १८५० मध्ये कोपनहेगनच्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियाचे कारागीर आणले, ते ही पदरांची रीत घेऊन आले. पुढे इथल्या लोकांनी बटर वाढवलं आणि आता त्याचं श्रेय सोडायला तयार नाहीत.

कामाचं सांगते. सारणाखाली इथं बटर आणि साखर समसमान फेटून, त्यात बदामाची पेस्ट घालून पातळ थर देतात. तो फळाचा रस शोषतो. बदाम महाग वाटत असतील तर भाजलेल्या फल्लीदाण्याचा बारीक कूट चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर खवा वापरला असता. कोरडा परतलेला खवा, साखर, किसलेली संत्र्याची साल. मार्मलेड त्याच्यावर, दोन-तीन चमचे, जास्त नाही. वेलची उंड्यात घालता हे ऐकून बरं वाटलं, इथंही घालतात.

संत्राबर्फी

अपडेट देते. साखरेनं भट्टीचं पितळ उघडं पाडलं: संध्याकाळी मोटारी चालू असताना साखर जशीच्या तशी, रात्री उशिरा वितळून तांबूस. यजमान म्हणतात स्टॅबिलायझर बघू. तोवर मी वेळच बदलली. रात्री उंडा, पहाटे घड्या, मग फ्रीज. कूलर माळ्यावरून काढायला लावला (होळी झाल्या झाल्या कूलर काढला म्हणून सासूबाई हसल्या, पण संध्याकाळी त्याच त्याच्यासमोर बसल्या होत्या). दुपारभर वेण्या फ्रीजमध्ये, रात्री कूलरच्या खोलीत फुगवल्या आणि मोटारी बंद झाल्यावर भाजल्या.

पदर सुटले! कागद जवळजवळ कोरडा. कापल्यावर आत जाळी दिसते. अजून दोन अडचणी आहेत. एक, वेणीच्या दोन्ही टोकांतून मार्मलेड बाहेर येऊन जळतो. दुसरी, गटातल्या बऱ्याच जणी अंडं खात नाहीत. उंड्यातलं आणि वर लावायचं, दोन्ही काढता येईल का?

सध्या_ओडेन्स

टोकांसाठी: पट्ट्या कापण्याआधी वरच्या आणि खालच्या कडेला चार बोटं जागा मोकळी ठेवा, तिथं पट्टीच कापायची नाही. ती झडप आधी सारणावर दुमडा, मग वेणी सुरू करा. शेवटची पट्टी खाली खोचून टाका.

मार्मलेड पातळ आहे असं वाटतं. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, युरोपातल्या कडू संत्र्याइतका तो आपोआप घट्ट होत नाही. बिया फेकू नका, पुरचुंडीत बांधून त्यातच उकळा. थर्मामीटर असला तर १०५ अंशांपर्यंत न्या. नसला तर गार ताटलीत थेंब टाकून बोटानं ढकला, सुरकुती पडली की उतरवा. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर खालचं बटर तिथंच वितळेल.

भट्टीवरची_मावशी

उंड्यातलं अंडं काढून त्याजागी ३० मिली दूध आणि एक मोठा चमचा घट्ट दही घाल. फुगण्यात फार फरक पडणार नाही, रंग जरा फिका येईल. वरून दुधात थोडी साखर विरघळवून लाव, भट्टीत जाण्याआधी एकदा आणि शेवटच्या पाच मिनिटांत परत एकदा. साय लावू नकोस, डाग पडतात. कापलेल्या कडांना काही लागू देऊ नकोस, थर चिकटून बसतात.

ऑर्डर घेणार असशील तर भाजलेल्या वेण्या साठवू नकोस, दुसऱ्या दिवशी त्या चिवट होतात. न फुगवलेल्या वेण्या फ्रीजरमध्ये दोन-तीन दिवस राहतात, पण तुझ्या लाइटच्या भरवशावर फ्रीजर भरू नको म्हणेन. दर नगावर न लावता वजनावर लाव. १५० ग्रॅम बटर जातंय त्यात, नानकटाईच्या भावानं दिलीस तर घरचं जाईल.