कृष्णेचं पाणी आपणच तपासायचं का?

हरिपूरकर: उन्हाळ्यात नदीचं वाहणं थांबलं की सांगलीत मासे तडफडून वर येतात. मग पंचनामा, पेपरात फोटो. नमुने घ्यायला माणूस येईपर्यंत कधी कधी वरून पाणी सुटलेलं असतं, घाण पुढं गेलेली असते. म्हणून म्हणतो, घाटावर पोहणाऱ्यांनी, मासे धरणाऱ्यांनी, पाण्याच्या मोटारीवर जाणाऱ्या शेतकऱ्यांनी दर आठवड्याला ठरल्या जागी पाणी तपासावं. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरी नाल्याच्या वर, नाल्याच्या खाली, आणि हरिपूरला वारणा नदी मिळाल्यावर. विरघळलेला ऑक्सिजन, पीएच, तापमान. आकडे त्याच दिवशी सगळ्यांपुढं.

विश्रामबागवाले: माझा विरोध. आमच्या ग्रुपवर एकानं नदीत टीडीएस मीटर बुडवून फोटो टाकला, खाली लिहिलं "विषारी पाणी". दोन दिवस सगळी गल्ली जारवाल्याच्या मागं. अहो, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्यात मैला मिसळलाय का, हे त्या मीटरला काय कळणार? आणि कोर्टात तुमची वही चालत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 21 वाचा. सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं घ्यायचा, मालकाला तिथंच नोटीस द्यायची, त्याच्यासमोर दोन भाग करून सील करायचे. हौशी लोकांचं काम नाही हे.

जुना लॅबवाला: टीडीएसबद्दल बरोबर बोललात. पण ऑक्सिजनचं किट नीट वापरलं तर बऱ्यापैकी खरं बोलतं. बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा ठेवायचा नाही, रसायन काठावरच टाकायचं. घरी नेऊन मग टाकलं तर तो आकडा नदीचा नाही, तुमच्या डिकीचा.

खरी गोम वेळेची आहे. दुपारी ऊन असतं, शेवाळ ऑक्सिजन सोडतं, घाण पाण्यातही आकडा झकास येतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून सगळ्यात कमी आकडा पहाटे मिळतो. मासे मरतात तेही बहुतेक तेव्हाच. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागं किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, हा केंद्रीय मंडळाचा निकष. आकडा दुपारी 7 आणि पहाटे 2 असा आला तर निकष दुपारी पाळला म्हणायचं का? बीओडी, म्हणजे घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते, मात्र लॅबकडंच द्या. 27 अंशांवर तीन दिवस बाटली ठेवावी लागते, ती पट्टीवर होत नाही.

डिग्रजचा शेतकरी: तुमी शहरातली मंडळी. आमचा ऊस ज्या कारखान्यात जातो, त्याच्याच नदीत येणाऱ्या मळीबद्दल आमी वहीत लिहायचं? मग ऊसतोडीची टोळी येईल का वेळेत? माझा चुलतभाऊ तिथंच नोकरीला आहे.

हरिपूरकर: दादा, नाव लिहायचंच नाही. जागा, वेळ, आकडा, बस. विश्रामबागवाले, तुम्ही कलम 21 वाचलंत, आता 49 पण वाचा. 60 दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक कोर्टात तक्रार करू शकतो, आणि त्यानं मागितले तर मंडळाला आपल्याकडचे अहवाल द्यावे लागतात. आमची वही पुरावा नाहीच. पण नमुना कुठं आणि किती वाजता घ्यायचा, हे त्या साहेबांना सांगणारं दुसरं काय आहे आपल्याकडं?

विश्रामबागवाले: साहेबांना दाखवा की, मी कुठं नको म्हणतोय? ग्रुपवर टाकू नका एवढंच. एक चुकीचा आकडा फिरला की मासे विकणाऱ्या बायकांचा दिवस गेला. त्याची भरपाई कोण देणार?

जुना लॅबवाला: हे मला पटतं. ऑक्सिजनचा आकडा 4 च्या खाली आला तर दुसऱ्या माणसानं दुसऱ्या बाटलीत लगेच तपासावं. दोन्ही जुळले तरच बाहेर. मात्र जुळल्यावर दडवायचं नाही, मासे मेलेले असताना तर मुळीच नाही. ते मासे उचलून बाजारात नेणारे असतातच.

विश्रामबागवाले: आणि हे पहाटे पाचला उठून करणार कोण? पहिले चार रविवार उत्साह, मग वही कपाटात. वृक्षारोपणाचं बघितलंय आपण.

डिग्रजचा शेतकरी: लाईट रात्रीची असली की पहाटे मी नदीवरच असतोय. किट द्या, कसं करायचं ते एकदा दाखवा. सही मात्र करणार नाही.