सल्ला हवा: टोमॅटोची रोपं खिडकीकडे लोळतायत, जांभळा दिवा घेऊ का?

बिनगच्चीची:
मंडळी, मदत करा. इंदूर, रामबाग, दुसरा मजला. खिडकी एकच, तीही उत्तरेची, आणि समोर चार मजली इमारत. त्यात हे ढग. अठरा दिवसांपूर्वी दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटो पेरले. उगवले झकास, पण आता रोपं अर्धी वीत लांब, दोऱ्यासारखी बारीक, आणि सगळी गजांकडे मान टाकून. सकाळी डबे फिरवते, संध्याकाळपर्यंत परत तिकडेच. ऑनलाइन तो जांभळा ग्रो लाइट दिसतोय, अठराशे रुपये. घेऊ का? नवरा म्हणतो, तेवढ्यात भाजीवाल्याकडून दोन महिने टोमॅटो येतील.

वायरवाला:
नका घेऊ. मी घेऊन बसलोय. त्या उजेडात पानं काळी दिसतात, मावा लागलेला मला आठवड्यानं कळला. शिवाय बेडरूम डिस्को बारसारखी दिसते ते वेगळंच. साधी २० वॅटची एलईडी ट्यूब आणा, खोक्यावर ‘कूल डे लाइट’ आणि ६५०० के लिहिलेली. महाराणी रोडवर कुठेही मिळेल. पिवळसर ‘वॉर्म’ आणू नका.

चिमुकला_वाफा:
असहमत. पान लाल आणि निळाच उजेड जास्त शोषतं, म्हणून तर ते दिवे जांभळे करतात. माझी मेथी त्याखाली मस्त येते.

निवृत्त_बाई:
वाफा, तुमचं चूक नाही. लाल उजेडावर पान अन्न छान करतं. पण या रोपांचं दुखणं फक्त भुकेचं नाही. कुठे वळायचं आणि लांबणं कधी थांबवायचं, हे रोप मुख्यतः निळ्या उजेडावरून ठरवतं. (लांबण्यात लाल उजेडाचाही हात असतो, पण तो ओळखणारं प्रथिन, फायटोक्रोम, वेगळं.)

मी शाळेत असताना दरवर्षी हा खेळ करून घ्यायचे. बुटांची तीन खोकी, प्रत्येकात मोड आलेले मूग, बाजूला रुपयाएवढं भोक. एक भोक उघडं, एकावर निळा जिलेटीनचा कागद, एकावर लाल, दोन घड्या घालून. चौथ्या दिवशी झाकण काढलं की पोरं ओरडायची. उघड्या आणि निळ्या भोकाकडे कोंब वाकलेले, लाल खोक्यातले सरळसोट वर.

निळा उजेड ओळखणारी दोन प्रथिनं इथे महत्त्वाची. फोटोट्रोपिन वळण्याचं बघतं, पर्णरंध्रं उघडण्यातही तेच. क्रिप्टोक्रोम खोडाला सांगतं, उजेड आलाय, आता लांबणं पुरे. दोघांच्याही पोटात फ्लेविन असतं, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ना? तेच ब-२. निळा गिळतं म्हणून पिवळं दिसतं.

वळणं घडतं ते असं: ऑक्सिन नावाचं संप्रेरक सावलीच्या बाजूला सरकतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि खोड उजेडाकडे झुकतं. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोंबांच्या शेंड्यांना टोप्या घालून दाखवलं, की शेंडा झाकला तर कोंब वळत नाही, जरी वाकतो तो शेंड्याच्या खाली. आम्ही गव्हाच्या कोंबांना चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या घालायचो. बघणारी प्रथिनं मात्र फार उशिरा हाती लागली. क्रिप्टोक्रोमचं जनुक १९९३ मध्ये, फोटोट्रोपिनचं १९९७ मध्ये, दोन्ही मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमधून.

पांढऱ्या एलईडीचा मूळ दिवाच निळा असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यावरचा पिवळा लेप थोडा निळा पिवळ्यात बदलतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. ‘कूल’ ट्यूबमध्ये निळा जास्त उरतो. म्हणून वायरवाल्यांना माझं अनुमोदन. ट्यूब रोपांच्या बरोबर डोक्यावर, वीतभर अंतरावर. छताला लावलीत तर काही उपयोग नाही. दिवसाला चौदा तास, रात्री बंद.

बिनगच्चीची:
बाई, साष्टांग. आणि आत्ताची लोळलेली रोपं? फेकून देऊ?

निवृत्त_बाई:
अजिबात नाही. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. खोल डब्यात पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरा. मिरचीला असं करू नका. आणि रोज शेंड्यांवरून हलका हात फिरवा, वारा लागल्यासारखं झालं की खोड आखूड, जाड होतं. डबे फिरवणं चालू ठेवलंत तर रोप सरळ राहील, पण कमी उजेडात बारीकच राहील.

चिमुकला_वाफा:
ठीक. निदान ट्यूबखाली मावा तरी दिसेल.

बिनगच्चीची (बारा दिवसांनी):
ट्यूब आणली, दोन स्टुलांच्या मध्ये पडद्याच्या दांडीला बांधली. नवी पेरलेली रोपं बोटभर, ताठ, पानं गडद. पुरलेल्यांपैकी दोन गेली, बाकीची उभी राहिली. आता नवीन प्रश्न. घट बसायला आठवडा आहे आणि सासूबाई म्हणतायत, यंदा घटही त्या ट्यूबखाली ठेवू, धान चांगलं येईल. ठेवू?

निवृत्त_बाई:
अहो नको! देवघराच्या अंधारात वाढतं म्हणूनच तर ते धान लांब आणि सोनपिवळं होतं. ट्यूबखाली ठेवलंत तर दसऱ्याला हिरवं, बुटकं गवत मिळेल.

वायरवाला:
आणि ते कानावर कसं खोवणार?