घरीच तर बसलेले असता!

उत्तरायण:

परवा वाटसरू यांनी डिलिव्हरीवाल्यांची बाजू घेणारा धागा काढला होता. त्यात एक वाक्य होतं, "पार्सल दोन तास उशिरा आलं तर काय आभाळ कोसळलं? तुम्ही घरीच तर बसलेले असता." तिथे एका ओळीत उत्तर द्यायला गेले, ती ओळ काही संपेना. म्हणून हा वेगळा धागा.

मी घरी का बसले होते ते सांगते. पुस्तकांचं कपाट मागवलं होतं, सुट्या भागांचं, दोन खोकी. आदल्या रात्री मेसेज: उद्या सकाळी 8 ते रात्री 8 या वेळेत घरी थांबा. ही वेळ झाली की स्थानबद्धता? घरात मी एकटी, त्यामुळे सुट्टी टाकली. आंघोळ घाईघाईत, मोबाईल साबणाच्या शेजारी. बारा वाजता नकाशावर गाडी दिसायला लागली. "तुमच्या आधी 9 घरं." मग 6. मग 4. मग एकदम 11! घरं वाढतात कशी? गाडी माझ्या रस्त्याच्या तोंडाशी आली आणि उलटी गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पावणेआठला स्क्रीनवर आलं, "डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नव्हता."

मी दारात उभी होते हो. चप्पल घालून.

उशिराचं एक वेळ सोडून देते. रस्ते तुंबतात, गाड्या बंद पडतात, माणूस आजारी पडतो. पण मी घरी नव्हते हे मलाच सांगायचं? तक्रारीच्या नंबरावर वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, "सिस्टीममध्ये तसंच दिसतंय मॅडम." दुसऱ्या दिवशी पुन्हा 8 ते 8. दुसरी सुट्टी कुठून आणू? शेजारच्या काकूंना किल्ली देऊन बसवलं. तो आला आणि खालूनच फोन, "खाली या, लिफ्ट नाहीये." एक खोकं 31 किलोचं. काकूंचं वय 70.

वाटसरू, तुमच्या धाग्यावर तुम्ही लोकांना संयम शिकवत होतात. थोडा इकडेही पाठवा.

तिसरी_घंटा:

अगदी, अगदी! माझंही ऐका. "पार्सल पोहोचलं" असा मेसेज आणि पुरावा म्हणून फोटो. फोटोत एक दार आणि दारापुढे खोकं. दार निळं. आमचं दार जन्मात कधी निळं नव्हतं. मी आणि नवरा तो फोटो हातात धरून गल्लोगल्ली निळं दार शोधत हिंडलो. तिसऱ्या गल्लीत सापडलं. त्या लोकांनी खोकं फोडलंही होतं, वर म्हणतात, "आम्हाला वाटलं कुणी भेट पाठवली."

वाटसरू:

माझं वाक्य संदर्भ तोडून उचललंय, पण ठीक आहे, सवय आहे. पुढचं वाक्य असं होतं की घाईची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो. ते सोयीस्करपणे गाळलंत.

डॉमिनोजची अमेरिकेतली "30 मिनिटांत नाही आलं तर फुकट" ही हमी आठवते का कुणाला? 1993 साली बंद करावी लागली. का? वेळ गाठायला पळणाऱ्या गाड्यांचे अपघात आणि त्यावरून कोर्टात मोठी भरपाई. वेळेचा हट्ट धरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

उत्तरायण:

मी कुठे 30 मिनिटं मागितली? मी 12 तास दिले होते. बारा! तेवढ्या वेळात तो पायी आला असता.

गणिती_मांजर:

भावना बाजूला ठेवून थोडं बोलू का? 10 घरं कोणत्या क्रमाने घ्यायची याचे पर्याय किती? 36,28,800. हो, फक्त 10 घरांचे. 15 घरं केलीत तर आकडा 1 लाख 30 हजार कोटींच्या पुढे जातो. सगळे क्रम तपासत बसणं संगणकालाही परवडत नाही, म्हणून "बऱ्यापैकी चांगला" क्रम काढतात आणि मध्ये कुणी वेळ बदलली, पत्ता चुकला, एखादं पार्सल परत उचलायचं निघालं की पुन्हा मांडतात. तुमची 4 ची 11 घरं तशी झाली असणार.

आणि प्रत्येकाला अचूक वेळ दिली की तीच गाडी एकाच गल्लीत सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जाते. 8 ते 8 सांगणं म्हणजे हा सगळा सैलपणा कंपनीने स्वतःकडे ठेवणं. यूपीएस ही अमेरिकेतली पार्सल कंपनी, ते तर वळणंसुद्धा मोजतात. जिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात तिथे ते शक्यतो डावीकडे वळतच नाहीत, समोरची वाहतूक कापायला थांबावं लागतं म्हणून.

तिसरी_घंटा:

मांजरबाई, या 36 लाखांपैकी निळ्या दाराकडे जाणारे किती?

जुनापुराणा:

हे सगळं आजचं रडगाणं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या मध्यवस्तीत दिवसाला 12 वेळा टपाल वाटलं जायचं. सकाळी पत्र टाकलं की त्याच दिवशी उत्तर. ना संगणक, ना नकाशावरची गाडी. आपण पुढे चाललोय की मागे?

वाटसरू:

पत्र आणि 31 किलोचं कपाट यात फरक असतो काका.

दोन_चाकी:

दोन वर्षं हे काम केलंय, पोटासाठी. आता सोडलं. इथे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दाराच्या आतूनच सगळं पाहिलंय, म्हणून दाराबाहेरचं सांगतो.

"ग्राहक घरी नव्हता" हे खोटं आहे. मी स्वतः टाकलंय, अनेकदा. कारण पार्सल परत नेताना मोबाईलवर कारण निवडावंच लागतं. आमच्याकडे चारच होती: ग्राहक घरी नव्हता, पत्ता सापडला नाही, ग्राहकाने नाकारलं, पार्सल खराब. "वेळ संपली" हे कारण त्यात नव्हतंच. रात्रीचे आठ वाजलेत, पोटात काही नाही, गाडीत 14 पार्सलं उरलीत. काय दाबू? "पत्ता सापडला नाही" दाबलं तर वरून फोन येतो. "घरी नव्हता" दाबलं तर कुणी काही विचारत नाही. ताई, तुमच्यावर राग नव्हता. बटण नव्हतं.

आणि "खाली या" का म्हणतात तेही सांगतो. एका घराला सरासरी दोन-तीन मिनिटं धरलेली असतात. चौथा मजला, लिफ्ट नाही, 90 पायऱ्या, वर गेल्यावर "थांबा हं, ओटीपी शोधते, चष्मा कुठे गेला." तोवर खाली गाडीत बाकीच्यांची पार्सलं उघड्यावर. एक चोरीला गेलं तर माझ्या पगारातून कापणार. तुम्ही गेला असतात का वर?

उत्तरायण:

बटणाचं मला खरंच माहीत नव्हतं. पण मग चूक बटण न देणाऱ्याची, हे तुम्हीही मान्य कराल. पायऱ्यांचं मात्र मला पटत नाही. "घरपोच" हा शब्द छापलेला असतो. फाटकपोच नाही.

कडकलक्ष्मी:

बरोब्बर! पैसे घरपोचचे घ्यायचे आणि सामान फाटकाशी टाकायचं. आज फाटकाशी, उद्या म्हणतील चौकात या, परवा आमच्या गोदामात या, स्वतः घेऊन जा.

वाटसरू:

आणि आपण दोन मजले उतरलो तर आपली उंची कमी होते का? चप्पल तर घातलेलीच असते, वर लिहिलंय तसं.

कडकलक्ष्मी:

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय. जिना उतरणं बंद आहे. मी ऑनलाइन मागवतेच मुळी जिना उतरता येत नाही म्हणून. हे त्या मुलाला फोनवर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "सगळे असंच सांगतात." तुमच्या त्या संयमाच्या धाग्याची एक प्रत त्यालाही द्या.

वाटसरू:

तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. ज्यांना शक्य आहे त्यांच्याबद्दल बोलतोय.

कडकलक्ष्मी:

म्हणजे आता दारावर डॉक्टरांचं सर्टिफिकेट चिकटवू?

जुनापुराणा:

90 पायऱ्या कशा? साधारण 3 मीटरचा मजला, 17 सेंटीमीटरची पायरी, म्हणजे मजल्याला 18 पायऱ्या. चौथ्या मजल्याला 72.

दोन_चाकी:

काका, मी चढलोय.

जुनापुराणा:

चढताना मोजल्या का? आणि चौथा म्हणजे कुठून चौथा? अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, ब्रिटनमध्ये त्याच्या वरच्याला. अमेरिकन हिशोबाने चौथा असेल तर 54 च झाल्या. पत्त्यांचा अर्धा घोळ याच्यातच आहे. लोक "दुसरा मजला" लिहितात आणि कुठून मोजला ते लिहीत नाहीत.

गणिती_मांजर:

हे मात्र खरं आहे. माझं पार्सल एकदा वर्षभर बंद असलेल्या घरापुढे ठेवून गेला होता, बरोबर एक मजला खाली. फोटोही काढला होता.

तिसरी_घंटा:

72 काय, 90 काय! आम्ही निळ्या दारासाठी तीन गल्ल्या चाललो, त्याचं कुणी मोजमाप करेल का?

वाटसरू:

मुद्दा पायऱ्या किती हा नाहीच. इथे तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात 31 किलो उचलून तीन मजले चढलेत? एसीत बसून "घरपोच" या शब्दाचा कीस काढणं सोपं असतं.

उत्तरायण:

माझ्या घरात एसी नाही. आणि मी 31 किलो उचललंय, कारण त्या दिवशी संध्याकाळी ते खोकं मीच वर आणलं. काकू सही करून खाली खोक्याला टेकून उभ्या होत्या, मी कामावरून येईपर्यंत. पाऊण तास. तुम्ही कुठल्या खुर्चीत बसून लिहिताय तेवढं सांगा.

वाटसरू:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तिसरी_घंटा:

वाचला होता हं मी, काढायच्या आधी.

समोरचा_कोपरा:

एवढं भांडण्यापेक्षा लॉकर का नकोत? जर्मनीत 2001 पासून पॅकस्टेशन आहेत. पार्सल कपाटात, कोड टाकायचा, आपल्या सवडीने न्यायचं. ना कुणी घरी थांबायचं, ना कुणी जिना चढायचा.

कडकलक्ष्मी:

आणि गुडघेवाल्यांनी?

तिसरी_घंटा:

कपाट आणायला कपाटापाशी जायचं. वा!

समोरचा_कोपरा:

मी फक्त सुचवलं.

दोन_चाकी:

लॉकर छोट्या पार्सलांना चांगले आहेत, आमची निम्मी खेप तिथे उतरली असती तर मी संध्याकाळी मुलीला भेटलो असतो. जड सामानाचं तसं नाही. जड सामानाला दोन माणसं आणि वेगळी वेळ हवी. आमच्याकडे जड म्हणून वेगळं काही नव्हतंच, 2 किलो असो की 31, एक म्हणजे एकच पार्सल धरायचे. तुमच्याकडे आलेला पोरगा बहुतेक एकटाच असेल. होता ना?

उत्तरायण:

काकूंना विचारलं. एकटाच होता. हडकुळा होता म्हणाल्या. पाणी देऊ का विचारलं तर "वेळ नाही" म्हणून पळाला.

बरं. जड सामान असेल आणि माणूस एकटा असेल तर मी खाली येईन, एक बाजू धरेन. हे वाटसरूंच्या सांगण्यावरून नाही, त्यांनी उगाच खूश होऊ नये. पण त्याने आधी फोन करून विचारायचं, माझ्याऐवजी कुणी म्हातारं माणूस असेल तर ऐकायचं, आणि आज जमणार नसेल तर "आज जमत नाही" असं सांगायचं. मी घरी नव्हते हे यापुढे ऐकून घेणार नाही.

वाटसरू:

खूश झालो नाही. "घरीच तर बसलेले असता" हे वाक्य मी माझ्या धाग्यातून काढतोय. बाकीचं तसंच ठेवतोय.

कडकलक्ष्मी:

उपकार झाले.

उत्तरायण:

आणि जुनापुराणा, तुमच्यासाठी खास जाऊन मोजल्या. तिसरा मजला, ब्रिटिश हिशोबाने. 57.

जुनापुराणा:

54 हव्यात. तुम्ही फाटकातल्या बाहेरच्या 3 धरल्या असणार.

दोन_चाकी:

त्या पण चढाव्या लागतात काका.