नो मर्सी मॉड: एम्युलेटरवर चालतो, खऱ्या एन६४वर काळा पडदा

कोपरखळी
नमस्कार मंडळी. माझ्याच कार्ट्रिजमधून काढलेल्या 'डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी' या कुस्तीच्या गेमच्या रॉमवर (कार्ट्रिजमधला गेम ज्यात उतरवलाय ती फाइल) काम चालू आहे. एका पैलवानाचे चारही पोशाख नव्याने रंगवले, मुखवटाही स्वतः काढला. एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चाललं, फ्लॅश कार्टमधून (रॉम फाइल भरता येणारं कार्ट्रिज) खऱ्या एन६४वरही (निन्टेन्डो ६४ कन्सोल) चाललं. मग एक गेमशार्क कोड (खेळताना गेमच्या मेमरीत बदल करणारा चीट कोड) कायमचा राहावा म्हणून रॉममधली जागा शोधून हेक्स एडिटरने (फाइलचे बाइट थेट बदलायचं साधन) तिथेच बदल केला. तेव्हापासून एम्युलेटर ठीक, पण कन्सोल काळ्या पडद्यापुढे सरकतच नाही. पोशाखांमुळे होत असेल का?

दुसरं म्हणजे, मुखवट्याच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे, तिथे भोक पडल्यासारखं आरपार दिसतं. चित्रात तिथे पांढराच रंग आहे. मित्र म्हणतो एचडी टेक्स्चर पॅक (एम्युलेटर मूळ चित्रांऐवजी दाखवतो ती मोठी, बारीक चित्रं) कर, एवढी मेहनत कशाला. पण मला कन्सोलवरच खेळायचं आहे.

दोरीवरून_उडी
आधी फाइलचे पहिले चार बाइट बघा. ८० ३७ १२ ४० असतील तर क्रम बरोबर. ३७ ८० ४० १२ असतील तर प्रत्येक जोडी उलटी आहे, आणि हेक्समध्ये केलेला बदल भलत्याच बाइटवर बसला असेल.

कोपरखळी
८० ३७ १२ ४० आहेत.

तालीमवाला
मग पोशाखांचा काही दोष नाही. एन६४ सुरू होताना बूट कोड रॉमच्या सुरुवातीच्या १ एमबीची बेरीज करतो (हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, आणि बूट कोड यांचे पहिले ४०९६ बाइट सोडून) आणि हेडरमधल्या दोन चेकसमशी (आधीच नोंदवलेल्या बेरजांशी) ताडून बघतो. जुळलं नाही की तिथेच थांबतो. पूर्ण रॉम ३२ एमबीचा आहे. तुमची चित्रं त्या पहिल्या १ एमबीच्या बाहेर असणार, म्हणून ती बदलूनही काही बिघडलं नाही. गेमचा कोड मात्र सुरुवातीलाच असतो. तिथला एक बाइट हलला तरी बेरीज चुकते. बरेच एम्युलेटर ही तपासणी गाळतात, म्हणून तिकडे काही जाणवलं नाही. चेकसम दुरुस्त करणारं कुठलंही साधन चालवा, गेम सुरू होईल. यापुढे प्रत्येक बदलानंतर ही सवयच लावून घ्या.

आता मुखवटा. या टेक्स्चरमध्ये (पैलवानावर चढवलेल्या चित्रात) रंग थेट साठवलेले नसतात. प्रत्येक ठिपक्यात फक्त क्रमांक असतो आणि खरा रंग पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत. पॅलेटमधला प्रत्येक रंग १६ बिटांचा: लाल, हिरवा, निळा यांना पाच-पाच आणि उरलेला शेवटचा बिट पारदर्शकतेचा. तो शून्य असेल तर रंग कितीही शुभ्र असो, दिसणार नाही. तुमच्या चित्र-सॉफ्टवेअरने फाइल साठवताना पॅलेटचा क्रम बदलला असणार, आणि पांढरा रंग नेमका मूळ पारदर्शक खणात जाऊन बसला. मूळ पॅलेट आधी काढून ठेवा, त्याच क्रमात रंगवा, आणि साठवताना 'पॅलेट जसंच्या तसं ठेवा' हा पर्याय निवडा.

एचडी पॅकबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगतो. ते पॅक सुंदर असतात, पण ते एम्युलेटरचं काम आहे, कार्ट्रिजचं नाही. कन्सोलची टेक्स्चर मेमरी फक्त ४ केबी. पॅलेटचं टेक्स्चर असेल तर त्यातली अर्धी पॅलेटलाच जाते. उरलेल्या २ केबीत २५६ रंगांचं ६४ बाय ३२ चं चित्र मावतं, किंवा १६ रंगांचं ६४ बाय ६४ चं. एवढ्याशा जागेत हा गेम बनवणाऱ्या एकेआयच्या लोकांनी चेहऱ्यावरचा राग, छातीवरचा घाम, बुटांच्या नाड्या दाखवल्या. मूळ चित्रं मोठी करून जरूर बघा: सावलीसाठी वेगळा रंग न घेता पोशाखाचाच गडद रंग त्वचेच्या कडेला कसा वापरलाय ते कळेल. मी रंगवायला शिकलो ते ही चित्रं ठिपक्याठिपक्याने उतरवून. १६ रंगांत नीट बसवलेला पोशाख रिंगमध्ये बाकीच्या पैलवानांशेजारी शोभतो. बारीक छायाचित्रासारखा पोशाख तिथे उपरा वाटतो.

आणखी एक. रॉममधल्या काही फाइली एलझेडएसएसने (फाइल लहान करायची एक पद्धत) दाबलेल्या असतात. सपाट रंग चांगले दाबले जातात, ठिपकेदार छटा नाही. नवी फाइल मूळ जागेपेक्षा मोठी झाली आणि तशीच चिकटवली, तर ती शेजारच्या फाइलवर चढते. मग एखादा भलताच पैलवान निवडल्यावर गेम गोठतो, आणि कारण शोधताना जीव जातो. आकार आधी तपासा.

कोपरखळी
चेकसम दुरुस्त केला, कन्सोलवर सुरू झाला! पांढरा रंग खरंच पहिल्या खणात गेला होता, आता पट्टा भरीव दिसतो. खूप आभार. रॉम वाटायचा नाही हे माहीत आहे, फक्त पॅच (मूळ रॉममध्ये काय बदलायचं ते सांगणारी फाइल) देणार आहे. आयपीएस प्रकारचा चालेल ना?

दोरीवरून_उडी
आयपीएसमध्ये पत्ता २४ बिटांचा, म्हणजे १६ एमबीच्या पुढचं त्याला पोचत नाही. तुमचे पोशाख त्यापुढे असतील तर ते पॅचमध्ये येणारच नाहीत. बीपीएस किंवा एक्सडेल्टा करा.

तालीमवाला
बरोबर. आणि सोबतच्या मजकुरात मूळ रॉम कुठल्या आवृत्तीचा ते ठळक लिहा. पहिल्या आवृत्तीत सेव्ह आपोआप पुसली जायची, म्हणून नंतर सुधारित आवृत्ती निघाली. दोन्ही रॉम एक नाहीत, आणि एकीचा पॅच दुसरीवर लावू नये. बीपीएस मूळ फाइल तपासूनच पॅच लावतो, म्हणून मी तोच वापरतो. मुखवट्याचं चित्र इथे टाका, बघायला आवडेल.