अर्धवेळ ग्रंथपाल आणि पटाचं गणित

एका ताईंनी विचारलंय, शाळेचा पट ९५० असूनही ग्रंथपाल अर्धवेळच का? कारण महाराष्ट्रात हा निकष चिपळूणकर समितीच्या (शाळांतल्या शिक्षकेतर पदांचे निकष सुचवणारी समिती) काळात ठरला: माध्यमिक शाळेत ५०१ ते १००० पटाला अर्धवेळ, १००० च्या वर पूर्णवेळ. पाचशेच्या आत पद नव्हतंच. खेड्यातल्या कितीतरी शाळा तिथेच गळल्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचाही उपयोग नाही, ताई. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, वर्तमानपत्रं-मासिकं हवीत, असं परिशिष्टात आहे. ते सांभाळणारा माणूस मात्र त्यात नाही.

मी स्वतः सहा वर्षं अर्धवेळ होते. तुमच्या पटाचाच हिशेब मांडून बघा. प्रत्येक मुलाला पंधरवड्याला एक पुस्तक म्हटलं तर आठवड्याला साधारण ४७५ देणं आणि तेवढीच परत घेणं. आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तास धरले तर एका नोंदीला जेमतेम एक मिनिट. नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही, फाटक्या पुस्तकांची डागडुजी, जूनमधलं पाठ्यपुस्तक वाटप, आणि कुणी शिक्षक रजेवर असला की 'मॅडम, जरा आठवी ब वर जाता का?' हे सगळं वेगळंच. मी घरी गेल्यावर कपाटांची किल्ली शिपाईमामांकडे. मधल्या सुट्टीनंतर आलेली पोरं काचेतूनच पुस्तकं बघायची.

माझं मत विचाराल तर नुसत्या पटावर पद ठरवूच नये. ३०० च्या शाळेलाही रोज कुलूप उघडणारं कुणीतरी लागतं. निदान जवळच्या दोन-तीन शाळांना मिळून एक पूर्णवेळ द्या, वार वाटून घेता येतील.