मदत हवी आहे: हार्ट फेल्युअरची प्रश्नावली खेड्यातल्या बायकांना कशी विचारायची?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एम.एस्सी. नर्सिंग करतेय. प्रबंध हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही, दम लागतो, तो आजार) रुग्णांच्या जीवनमानावर आहे. रुग्ण खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे. कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, काही जण एकाच वाक्यात दोन्ही.

गाईड म्हणतात मिनेसोटा नावाची प्रश्नावली घे: २१ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, बेरीज जेवढी जास्त तेवढा त्रास जास्त. मला कॅन्सस सिटी नावाची दुसरी बरी वाटते: २३ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांचं विचारतात, गुण ० ते १००, आणि इथं जास्त म्हणजे चांगलं. (दोन्ही घेतल्या तर एक्सेलमध्ये माझं काय होईल देव जाणे.)

अडचण अशी. कॅन्ससमध्ये जिना चढणं, जॉगिंग वगैरे आहे. जांबोटीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "कौलारू घरात जिना कुठला गं बाई?" जॉगिंगला तर नुसत्या हसल्या. पण त्यांचं घागर आणणं, भांगलणीला जाणं सगळं सुटलंय, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. आता सगळं सून करते, त्यामुळे दमही लागत नाही आणि उत्तर येतं, "काय त्रास नाही." त्यात शेजारी उभा मुलगा: "आईला बरं हाय सिस्टर, लिवा तसंच." मिनेसोटातला शरीरसंबंधांचा प्रश्न तर मुलासमोर काढायचा तरी कसा?

न केलेल्या कामाला गुण काय द्यायचे? जिन्याच्या जागी घागर घातली तर चालेल का?

आकडेमोड_काका: घागर घालू नकोस, ताई. प्रश्न बदलला की बाकी अभ्यासांशी तुलना संपली. घागर, भांगलण वेगळ्या कागदावर टिपून ठेव, चर्चेच्या प्रकरणात कामाला येईल.

कॅन्ससमध्ये कामांच्या प्रश्नांना सहावा पर्याय असतो: इतर कारणानं अडतं किंवा हे काम करतच नाही. तो गुणांत धरत नाहीत, उरलेल्या उत्तरांवर हिशेब होतो. जॉगिंग तिथं जाईल, गुडघेदुखीही तिथंच. मिनेसोटात लागू नसेल तर ० लिहायचं असतं, म्हणजे काम सोडून बसलेली बाई कागदावर ठणठणीत! तुझ्या रुग्णांसाठी मी कॅन्ससच घेईन. भाषांतर स्वतः करू नकोस. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी परवानगी घे आणि मराठी, कन्नड प्रती त्यांच्याकडेच माग.

इकोतला ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं) आणि एनवायएचए वर्गही (हालचालीत किती त्रास होतो यावरून डॉक्टर ठरवतात ती १ ते ४ पायरी) नोंदव. ईएफ कमी असूनही रुग्ण हिंडता-फिरता असू शकतो, तेव्हा गुण जुळले नाहीत म्हणून घाबरू नकोस.

वॉर्डातली_अक्का: वाचता येत नसेल तर प्रश्न आणि पर्याय छापलेत तसेच वाचून दाखव, सगळ्यांना एकाच पद्धतीनं. "म्हणजे दम लागतो ना?" असं सुचवायचं नाही. आणि मुलाला गोळ्या आणायला मेडिकलात धाड. कॅन्ससची १२ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे, तो परत येईपर्यंत उरकते.